अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी

आमच्या काकू पुण्याच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत, पण अमेरिकेतल्या कुठल्याही जिल्ह्यात किती घरं रिकामी आहेत हे सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीत बसून सांगायच्या. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, काका गेले, आणि बाईंनी अमेरिकन सरकारच्या आकडेवारीचा नाद लावून घेतला. आम्ही त्यांना अमेरिकाकाकू म्हणायचो. त्यांना ते आवडायचं, पण तसं दाखवायच्या नाहीत.

नादाचा उपयोग लवकरच सापडला. स्थळ उंब्रजचं असलं तर चौकशीला कुणाचा तरी मेहुणा निघतोच. अमेरिकेतल्या मुलाची चौकशी करायची कुणाकडे? मग मुलींच्या आया काकूंकडे यायच्या. काकू मुलाचं शिक्षण, पगार काही विचारायच्या नाहीत. "जिल्हा कुठला?" एवढंच. तिथली माणसं कामाला कुठं जातात, तरुण येतात की निघून जातात, सगळं सरकारच्या पानांवरून काढून द्यायच्या. विट्याच्या एका बाईंना त्यांनी सांगितलं, मुलाच्या गावात म्हातारी माणसंच उरलीत, पोरीला बोलायला कुणी मिळायचं नाही. बाईंना राग आला. "आवं, मला पोरीसाठी नवरा बगायचाय, गाव न्हाई," म्हणाल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "संसार गावातच करायचा असतो."

मग माझ्या धाकट्या बहिणीला, सायलीला, तिकडचं स्थळ आलं. मुलगा मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करणारा इंजिनिअर. काकूंनी पानं चाळली. उत्पन्न चांगलं, बेकारी नावाला, घरं मोठी. तरी त्यांचा चेहरा उतरलेला. "भाऊजी, तिथं सगळे मोटारीवरच जगतात. ते काम बसलं की अख्खं गाव बसेल." वडिलांना हसू आलं. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेलेली. कारखाना आला म्हणून शाळा आली, दवाखाना आला, पतपेढी आली. एका भोंग्यावर उठणारं गाव म्हणजे त्यांच्या लेखी नशीबवान गाव. "वहिनी, कारखान्याचं गाव हाय, मग घोर कसला?" म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. काकूंनी विषय सोडला आणि लग्नात सगळ्यांत जास्त राबल्या.

अमेरिकेचं सरकार दर महिन्याला जिल्ह्याजिल्ह्याची बेकारी जाहीर करतं. सुरुवातीला काकू तो आकडा आम्हाला सायलीच्या सासरची खुशाली कळवावी तसा कळवायच्या. गेल्या वर्षी सांगेनाशा झाल्या. विचारलं की चहा टाकायला उठायच्या. शेवटी मीच त्यांच्या संगणकावर पाहिलं. बेकारीची रेघ चढत चालली होती. बाबांना सांगू का, विचारलं. "आकडा जिल्ह्याचा आहे," त्या म्हणाल्या. "आपलं घर त्यात आहे की नाही, ते आकडा सांगत नाही."

पुढच्या रविवारी सायलीचा फोन आला तेव्हा काकूंनी तो मागून घेतला आणि स्पीकरवर टाकला. शेजारी कोण राहतं? कुणी नाही, घर विकायला काढलंय. समोर? तेही. शाळेची बस भरून येते का? हल्ली नाही येत. काकू, जनगणना करताय का, म्हणून सायली हसली. तिकडच्या स्ट्रॉबेऱ्या महाबळेश्वरपेक्षा मोठ्या पण बेचव, असं काहीबाही सांगत राहिली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "जावई सकाळी कधी निघतात गं?"

मग सायली म्हणाली, "हल्ली घरीच असतात."

"बरं. जप हं," म्हणून काकूंनी फोन माझ्या हातात दिला. बाबा तेव्हा अंगणात पेपर वाचत होते.

पुढच्याच महिन्यात काकू झोपेत गेल्या. सायली आली नाही. जावयांना रजा मिळत नाही म्हणाली, बाबांनी ते खरं मानलं. मग मला एकट्याला फोन करून ती खूप रडली. नवऱ्याची नोकरी गेली होती. राहायची परवानगी कशीबशी वाढवून घेतलेली, बाहेर पडलं तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. काकूंना कळलं होतं ना, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग बोलल्या का नाहीत?

"तू सांगशील म्हणून थांबल्या होत्या," मी म्हणालो. बाबांना कळू देणार नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं.

परवा बाबांच्या कारखान्यातल्या मित्राच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा सायलीच्याच जिल्ह्यातला. आपली लेक तिथं सुखात आहे असं सांगून बाबांनी शब्दही टाकलाय. काकू नाहीत आणि त्यांचा संगणक आता माझ्याकडे आहे, म्हणून मुलीचे आईवडील उद्या चौकशीला माझ्याकडे येणार आहेत. त्यांना घेऊन बाबाच येणार आहेत.