बैलाच्या पोटावरचे अध्यक्ष

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मुळशीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चालू होतं. ते धड पार पडलं तर कायम, नाहीतर चंबूगबाळं उचलून सांगलीला परत. ऑर्डरवर सही संस्थेच्या अध्यक्षांची. ते गावातलेच, मोठे जमीनदार. गाल गुबगुबीत, कपाळ निमुळतं. त्यांची जीप शाळेच्या फाटकात वळली की मी हातातला खडू ठेवून सावधान उभा राहायचो.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण मला कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे. नववीला व्यंगचित्र शिकवताना मी फ्रान्सच्या एका राजाची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकातला राजा, वर निमुळता, खाली गाल लोंबलेले. एका पठ्ठ्याने चार चित्रांत त्याच्या तोंडाची हळूहळू नासपती करून टाकली. पुढे तो तुरुंगात गेला, पण पॅरिसच्या भिंतींवर लोक नासपत्या काढायला लागले. चारही चित्रं मी फळ्यावर काढली. वर्ग खदाखदा हसला आणि मी फुशारलो.

आठवड्याने बैलपोळा. अध्यक्षांचा धाकटा भाऊ सकाळीच दारात. "मास्तर, औंदा पांढऱ्यावर दादांचा फोटू काढायचा. लई झ्याक झाला पायजे."

पांढऱ्या म्हणजे त्यांचा लाडका बैल. नाही म्हणायची माझी काय टाप! बैल ओढ्यावरून नुकता धुऊन आणलेला, अजून उपाशी. त्याच्या डाव्या कुशीवर मी गेरू आणि काजळीने अध्यक्ष काढले. भीतीपोटी गाल मुद्दाम आत घेतले, कपाळ रुंद केलं. भाऊ खूश झाला. सुटलो बुवा, असं मला वाटलं.

मिरवणूक संध्याकाळी. तोवर पांढऱ्याने पुरणपोळ्या हाणल्या, हिरव्या चाऱ्याचा भारा संपवला, वर बादल्या भरून पाणी प्यायला. बैलाचं पोट फुगतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून पोटावर लोक नुसते ठसे मारतात. शहरात वाढलेल्या मला हे कोण सांगणार? मारुतीच्या देवळापुढे बैल वळला आणि त्याची डावी कूस समोर आली. अध्यक्षांचे गाल फुगून खाली ओघळले होते आणि कपाळ होतं तेवढंच राहिलं होतं.

"नासपती! सरांची नासपती!" नववीतली एक मुलगी ओरडली. मग सगळा वर्गच सुरू झाला.

अध्यक्षांनी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय मास्तर, पोरं काय म्हनत्यात?"

 सरळ सांगितलं असतं तर कदाचित हसलेही असते, असं आज वाटतं. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त त्यांची सही होती.

"काही नाही साहेब, आगाऊ झालीत पोरं. मी असलं काही शिकवत नाही."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "सर, तुमीच तर फळ्यावर..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिच्या वडिलांनी तिच्या थोबाडीत दिली आणि अध्यक्षांपुढे हात जोडले. "पोर चुकली, माफी करा."

मी दोन पावलांवर उभा होतो.  अध्यक्ष म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सणासुदीचं कशाला मारताय." बैल पुढे गेला.

जूनमध्ये मी कायम झालो. पण खरं जे घडलं ते पोळ्यानंतरच्या पहिल्याच तासाला. लाज वाटत होती, तरी उसनं अवसान आणून मी वर्गात गेलो. मडकं आणि तांब्या मांडून छायाप्रकाश शिकवला. पोरं मुकाट काढत होती. तास संपताना ती मुलगी उभी राहिली. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

"सर, हे तुमी शिकवलं म्हनून घरी सांगितलं तर चालंल का?"