भारद्वाजाच्या दर्शनाची सोय

"एकाही झाडाला हात लावलेला नाही!" असं म्हणताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका दोन्ही तळवे पुढे करून दाखवत, जणू आम्ही त्यांची झडतीच घेणार होतो. तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतीलच.

परळच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला, तेव्हा मागच्या बंद गिरणीतली झाडी तेवढी वाचली. वड, भेंडीची मोठाली झाडं आणि खाली माजलेलं रान. त्यात भारद्वाजाची जोडी होती. परीक्षा असो की मुलगी बघायला जायचं असो, आधी भारद्वाज दिसला पाहिजे, ही चाळीची जुनी रीत. काकूंना इस्पितळात न्यायच्या आधी काका दर वेळी तिथे थांबत. झुडपात तपकिरी पंख हलला की काकू म्हणत, "चला, आता कितीही सुया टोचू देत."

मग काकूंचं चालणं बंद झालं आणि काकांनी झाडीच्या बरोबर मधून वाट काढायचा ठराव आणला. व्हीलचेअर जाईल एवढीच. सभेला एकदम उत्साह आला. कुणाला जॉगिंग करायचं होतं, कुणाला कुत्रा फिरवायचा होता, कुणाला सेल्फीसाठी बाक आणि दिवे हवे होते. वाट रुंदावत गेली. लालबागच्या एका जावयाने विचारलंच, "मुखदर्शनाची रांग वेगळी ठेवायची का?"

मी पत्रक काढलं. भारद्वाजाला नुसती झाडं पुरत नाहीत, त्याला झाडीचा आतला भाग लागतो. मधून वाट गेली की दोन पट्ट्या उरतील, आणि पट्टीला 'आत' असं काही नसतंच, नुसत्या कडा असतात. कावळे, मांजरं, उजेड थेट घरट्यापर्यंत पोचतील. चहूकडे टॉवर, तो जाणार कुठे?

काकांनी ते स्वतः नोटीस बोर्डावर लावलं. "लिहितोस झकास रे! पण झाडं मोज की. होती तेवढीच राहणार."

विरोधात हात एकच वर झाला, माझा.

झाडं खरंच तेवढीच राहिली. रान साफ झालं, दिवे लागले, कावळे आले.

काका-काकू आता डोंबिवलीला लेकीकडे असतात. मला आठवते ती काकूंच्या ऑपरेशनची सकाळ. गुळगुळीत वाटेवरून काका व्हीलचेअर ढकलत टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला बघून थांबले.

"तुला कुठे दिसला का रे?"

माझं अख्खं पत्रक मला तोंडपाठ होतं. मीही वर फांद्यांत बघू लागलो.

काकूंनी एका रिकाम्या फांदीकडे बघून हात जोडले. "तो काय, बसलाय. चला हो, उशीर होतोय."

काकांनी वर बघितलं नाही. व्हीलचेअर वळवली.