तोट्यात दिसणारा मंडप

“मॅडम, तुम्ही फक्त शेवटचा आकडा काढून द्या. विकायचं आमचं ठरलंय. संध्याकाळी पार्टी टोकन घेऊन येतेय.”

जयेश उभ्या उभ्याच बोलत होता. कोपरीतल्या त्यांच्या घराच्या तळमजल्यावर ऑफिस आहे, मंडप डेकोरेशनचं. बांबू, कापड, लाइट हे सगळं कळव्याच्या गोडाउनमध्ये. धंदा त्याच्या वडिलांनी उभा केलेला. त्याआधी घरची होडी होती, खाडीत मासेमारी चालायची. आता वडील, सगळे त्यांना बाबा म्हणतात, भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते आणि मुलाकडे बघत नव्हते.

कॉम्प्युटरसमोर सोनल, जयेशची बायको. एप्रिलमध्ये तिने वहीतला हिशोब सॉफ्टवेअरवर आणला होता आणि एप्रिलपासूनच धंदा तोट्यात दिसत होता. घरात निष्कर्ष काढून झाला होता.

“हिने कॉम्प्युटर आणला आणि धंदा बसला,” जयेश म्हणाला. “रात्रंदिवस काम करतोय आपण, आणि रिपोर्टमध्ये लाल आकडा.”

मला राग आला. बायकोला परक्या माणसासमोर असं बोलायचं काही कारण नव्हतं. पण मी अकाउंटंट आहे, समुपदेशक नाही. मी खुर्ची ओढली.

“बँकेत पैसे आहेत का?”

“आहेत. पण ते मंडळांचे ॲडव्हान्स असणार.”

“असणार की आहेत?”

त्याने खांदे उडवले. माझा संशय तिथेच सुरू झाला.

तोटा म्हटला की लोक नफा-तोटा पत्रक उघडतात. मी आधी ताळेबंद उघडते. नफा-तोटा पत्रक धंद्याने काय कमावलं ते सांगतं. ताळेबंद आपल्याकडे काय आहे आणि आपण कोणाचं काय देणं लागतो ते सांगतो. खोटं बोलणारा आकडा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ॲडव्हान्स थोडेच होते. त्यांच्या खालीच ‘जीएसटी देणे’ असं एक खातं होतं, आणि ते फुगलेलं.

“सोनल, जीएसटी थकलाय का गं?”

“नाही मॅडम! दर महिन्याला चलन भरते मी.” तिने पटापट बँकेच्या नोंदी काढून दाखवल्या. खरंच भरलेला होता.

भरलाय, तरी देणं वाढतंय. मग भरलेले पैसे गेले कुठे? मी एक चलन उघडलं. त्याच्यासमोर खातं निवडलं होतं: ‘कर व इतर खर्च’. दुसरं उघडलं, तेच. तिसऱ्याला मला हसू फुटलं.

“सापडलं,” मी म्हटलं.

जे हिशोब लिहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मंडपाचं काम एक लाखाचं असेल, तर बिलात वर अठरा हजार जीएसटी लागतो. गिऱ्हाईक एक लाख अठरा हजार देतं. ते अठरा हजार आपले नसतात. आपण खरेदीवर दिलेला जीएसटी त्यातून वजा करायचा आणि उरलेला सरकारकडे भरायचा. सॉफ्टवेअर हे जाणतं. बिल केलं की ते विक्रीत एक लाखच धरतं आणि अठरा हजार मुकाट्याने देण्यात टाकतं. चलन भरलं की ते देणं फिटवायचं असतं. सोनलने ते फिटवलं नव्हतं, चलन खर्चात टाकलं होतं. म्हणजे जे पैसे मिळकतीत धरलेच नव्हते, ते मिळकतीतून वजा होत होते.

“खर्चात का टाकलंस?”

ती गडबडली. “वहीत तसंच लिहायचो. बाबांचा नियम आहे, घरातून रुपया बाहेर गेला की खर्चात लिहायचा.”

मी बाबांची जुनी वही मागवली. वहीत विक्री जीएसटीसकट पूर्ण लिहिलेली होती, एक लाख अठरा हजार. तिथे भरलेला कर खर्चात गेला तरी नफा जवळपास बरोबर निघायचा. नियम वहीपुरता चोख होता. सॉफ्टवेअरने विक्रीची बाजू बदलली, घराने खर्चाची बदलली नाही.

“म्हणजे हिची चूक नाय?” बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तिने तुमचा नियम पाळला, बाबा.”

ते जयेशकडे वळले. “होडी लागली का आमी पयला काय करायचो? खलाशांचा वाटा बाजूला. तो आपला नायच. आपल्या टोपलीत पडला म्हणून आपला होतो काय? हा सरकारचा वाटा हाय, येड्या.”

इतक्या वर्षांत जीएसटी इतका नेमका मी कोणालाच समजावून देऊ शकले नव्हते.

मग आम्ही दोघी बसलो. एकेका चलनाचं खातं बदलत गेलो. खर्चातून काढलं, देण्यातून वजा केलं. एका महिन्याची लेट फी मात्र खर्चातच ठेवली, कारण ती खरोखर त्यांच्याच खिशातून गेली होती. शेवटी मी सोनललाच रिपोर्ट उघडायला सांगितला. लाल आकडा गेला होता. नफा होता, आणि तोंडात बोट घालावं इतका होता. सोनलने आकडा मोठ्याने वाचला, मग नवऱ्याकडे न बघता पुन्हा एकदा वाचला.

मला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला. लपवत कशाला?

जयेशचा फोन वाजला. पार्टी कोपरीत पोचली होती. तो बायकोकडे बघत फोनवर म्हणाला, “सॉरी भाई, कॅन्सल. धंदा चालू आहे आपला.” फोन ठेवून मला विचारलं, “मॅडम, नफा आहे म्हणजे आता इन्कम टॅक्स?”

“भरावा लागणार.”

“अरे यार.”

“तो तुझ्या वाट्यातून,” बाबा म्हणाले.

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीला गेले होते, तेव्हा तिथल्या मंडपात सोनल भेटली. हातात मोबाइल, समोर कामगार, आणि जयेश तिला विचारून कापडाची ऑर्डर देत होता. तिने मला मोबाइलवर त्यांचं सॉफ्टवेअर दाखवलं. ‘जीएसटी देणे’ या खात्याचं नाव तिने बदललं होतं. आता तिथे ‘सरकारचा वाटा’ असं लिहिलंय.

तेव्हापासून कोणी तोट्याचं रडगाणं घेऊन आलं की मी आधी एकच विचारते: या पैशांतले तुमचे किती? निम्म्या लोकांना उत्तर येत नाही. माझी फी तिथूनच सुरू होते.