मधला गठ्ठा

इथं परमुलखात पोस्टात लाखेचा वास आला की सोलापुरातला आमचा सातवीचा वर्ग आठवतो. देशभरातल्या मुलांचं लेखन तपासायला दिल्लीला निबंध लाखेनं सीलबंद करून पाठवायचे होते. बाईंनी हुशार मुलींचेच काढून ठेवलेले. ते न्यायला आलेले साहेब म्हणाले, “चांगले, मधले, कच्चे, तिन्ही हवेत.” कच्ची कुणाला म्हणावं, बाईंना सुचेना. मी उठले. “माझा घ्या की, बाई. उद्यापास्नं मी कारखान्यात जाणार हाय, मला कच्ची म्हटलं तरी चालंल.” वर्ग हसला. बाईंनी माझा निबंध शेवटपर्यंत वाचला. “हा मधला आहे, साहेब,” म्हणत मधल्या गठ्ठ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. बाई खरं बोलल्या की मायेनं, ही धाकधूक लिहिताना अजून जात नाही. पण लिहिते, ते बाईंच्या त्या शब्दावरच.