विमानाच्या तोंडातल्या अक्षता

विमान लातूरला आलं तेव्हा ते विमान नव्हतं, दोन लाकडी खोकी होती. एक लांबडं, एक चौकोनी. टेम्पोवाल्यानं विचारलं, "मॅडम, फर्निचर का?" मी हो म्हणून टाकलं. त्याआधीचे चार महिने मी मुंबईच्या बंदरावर 'हे विमान आहे' हे सांगण्यात घालवले होते, आणि आता कुणालाही काहीही समजावण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

बंदरावरच्या कस्टमच्या साहेबांपुढे प्रश्न मोठा होता. परदेशातून आलेला हा माल म्हणजे अख्खं विमान, सुटे भाग, की खेळाचं साहित्य? तिन्हींचे रकाने वेगळे. एकदा त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे जोडणार कोण?"

"माझा नवरा."

"ते काय करतात?"

"विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरतात, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळतात. औसा रोडला शेड आहे."

साहेबांनी फाइल मिटली. मी त्या दिवशी जे भांडले ते नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. बारावीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवून माझा आवाज तयार झालेला आहे, आणि स्वभाव मूळचाच तिखट.

एवढी घाई कशाची होती, तर आबांच्या डोळ्यांची. आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी मोजणीदार म्हणून केली. उदगीर, औसा, धर्माबाद, जिथं बदली होईल तिथं साखळी आणि निशाण घेऊन दुसऱ्यांची रानं मोजत फिरले. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जाताना त्यांनी पाहिलेला. सुट्ट्यांमध्ये बंगळुरूजवळ जाऊन मी हलकं विमान उडवायचा परवाना मिळवला, तेव्हा घरात सगळे मला वेड लागलं म्हणाले. आबा तेवढे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मी जमीन जन्मभर खालून बघितली आन् कागदावर वरून काढली. ती खरंच तशी हाय का, एकदा बघायचंय."

मी त्याच आठवड्यात पैसे काढायला बँकेत गेले. दोन माणसांचं, शेजारी-शेजारी बसायचं, कापडी पंखांचं विमान. सुटं मागवलं तरच परवडणार होतं.

मग आबांच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते किती दिवस राहील तेही सांगता येणार नाही. मी दिवस त्यांच्या वर्तमानपत्रावरून मोजायला लागले. खोकी मागवली तेव्हा आबा चष्मा लावून आतलं पान वाचत. खोकी बंदरावर पडून होती तेव्हा फक्त मथळे. नवऱ्यानं पंखांवर कापड ताणलं तोवर ते वर्तमानपत्राचं नाव तेवढं वाचत, आणि तेही पाठ असल्यामुळे वाचत असावेत, असा मला संशय होता.

जोडणी नवऱ्यानं केली, हे मी कबूल करते, कारण तो हे वाचणार आहे. आयुष्यभर हाताच्या अंदाजानं नट आवळणाऱ्या माणसाच्या हातात मी ताण मोजणारा पाना दिला, तर दोन दिवस रुसून बसला. पण नंतर त्या पान्यावाचून तो घरातला नळसुद्धा आवळेना. दिल्लीहून विमान खात्याचे तपासनीस नांदेडला उतरले, तिथून आम्ही त्यांना गाडीनं आणलं. ते एकेका बोल्टाशी टॉर्च घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, "याआधी किती विमानं जोडलीत?" नवरा म्हणाला, "हे पहिलंच. पण मोटारी लई भरल्या." ते हसले आणि सही केली. कागदपत्रांच्या आणखी खेपा झाल्या, आणि उदगीरकडच्या आमच्या शेतातल्या मुरमाड पडीक पट्ट्यावरून उडायची परवानगी एकदाची हातात आली.

हिवाळाभर मी एकटीच उडाले. विमानाचा स्वभाव कळल्याशिवाय आबांना बसवायचं नाही, असं ठरवलं होतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी म्हणाले, "आबा, चला."

ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. आईनं पूजेचं ताट आणलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ बाजूच्या दगडावर फोडला. विमानावर फोडू नको, असं मी तीनदा बजावलं होतं. कुंकवाचं बोट तेवढं लावलं. मी माझ्या तपासणीच्या यादीतून मान वर केली नाही, आणि चूक माझीही झाली ती तिथेच. आबांना सीटचा पट्टा बांधला, इंजिन चालू केलं आणि विमान पळवलं.

मुरमाड पट्टा अर्धा संपत आला तरी वेगाचा काटा शून्यावरच. विमान चांगलं धावत होतं, कानात वारा वाजत होता आणि काटा म्हणत होता, तू उभी आहेस. शेजारी आबा पुढे वाकून बसलेले. उडून जावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण वेग न कळता आबांना खाली उतरवायचं कसं? मी इंजिनचा जोर कमी केला आणि ब्रेक दाबले.

खाली उतरून पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडले. तो पंखाखाली वाकला. पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात समोरून वारा शिरतो, त्यावरून काट्याला वेग कळतो. त्यानं ती काट्यामागून सोडवली आणि पायपंप लावून दाबला. नळीतून आधी काहीच आलं नाही. मग गुळाचा चिकट थेंब आला आणि त्याच्यामागून चार तांदूळ बाहेर पडले. कुंकवानं लाल झालेले.

आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो.

"मला वाटलं, त्येच त्याचं तोंड हाय," आई म्हणाली. "पैल्यांदा तुझ्या बापाला घेऊन चाललंय. उपाशी कसं पाठवावं?"

आमच्याकडे हे आहेच. खंडेनवमीला आई पाण्याच्या मोटारीच्या तोंडाशीही गूळ आणि अक्षता ठेवते. मोटारीनं कधी तक्रार केली नाही. पण त्या क्षणी मला हे काही आठवलं नाही. मी आईला असं काही बोलले की ती ताट घेऊन बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली, पाठ करून. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. मला त्यांची लाज वाटते.

ऊन चढत होतं. नऊ वाजले की आमच्या रानात वारा सुटतो आणि मग कापडी पंखांचं काही खरं नसतं. नवऱ्यानं कोमट पाणी घालून नळी धुतली, पंपानं वाळवली, जोडली. मी एकटीनं पट्ट्यावर धाव घेऊन बघितली. काटा सुरळीत चढला.

आबांना पुन्हा बसवण्याआधी मी बाभळीकडे गेले. "आई, चुकलं माझं," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "आता पोट भरलंय ना त्याचं? जा मंग."

विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा आबांनी माझा दंड धरला, आणि मग लगेच सोडला. मी गावाला वळसा घातला. खाली हरभरा होता, ज्वारी, करडईचे पिवळे तुकडे, नांगरलेलं काळं रान. प्रत्येक तुकड्याभोवती धुऱ्याची रेघ, रेघेवर बाभळी. अगदी नकाशासारखं. मी हेच दाखवायला त्यांना आणलं होतं.

"आबा, दिसून राहिलं का?" मी हेडफोनच्या माइकमध्ये विचारलं.

ते बराच वेळ खाली बघत होते. डोळे बारीक करून, मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"हिरवं दिसून राहिलं. काळं दिसून राहिलं. तिकडं पिवळं हाय." मग म्हणाले, "पोरी, धुरे कुठं हायेत?"

धुरे आमच्या बरोबर खाली होते. मला एकूणएक दिसत होता. जे दिसेल तेच वहीत लिहा, असं मी वर्गातल्या पोरांना रोज बजावते.

"न्हाईत आबा," मी म्हणाले. "इतक्या वरून धुरे दिसतच न्हाईत कुणाला."

आबा मांडीवर थाप मारून इतके मोठ्यानं हसले, की माझे कान दुखले.

"म्हंजे सगळं एकच रान हाय की गं! आन् त्या धुऱ्यांपायी मला लोकांनी जन्मभर भांडणात बोलावलं!"

"हाव," मी म्हणाले, आणि आणखी एक मोठा वळसा घेतला.