माझे स्पीकर, त्यांचा हॉल

आमच्या मंडळींत एक नियम आहे. नवं सामान कोणीही कुठूनही घ्यावं, पण जुनं विकायचं झालं तर आधी आपल्यातल्या माणसाला विचारायचं, एकच भाव सांगायचा आणि समोरच्याने हो किंवा नाही म्हणायचं. घासाघीस नाही. त्याच्या बदल्यात विकणाऱ्याने मालातले सगळे दोष आधीच सांगायचे, आणि घेणाऱ्याच्या लक्षात काही आलं तर त्यानेही ते बोलून दाखवायचं. हा नियम केला डोंबिवलीच्या साहेबांनी. बँकेत मॅनेजर होते, निवृत्त झाले, आता घरी बसून रेकॉर्ड ऐकतात. दर महिन्याला एका रविवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो, जुनी गाणी आणि बैठकीतलं गाणं ऐकतो, पोहे खातो आणि एकमेकांच्या सामानाला नावं ठेवतो. कल्याणचे एक दंतवैद्य आहेत, त्यांना आम्ही डॉक्टर म्हणतो, बाकी दोघं-तिघं येऊन-जाऊन. मी ठाण्याचा. मला सगळे शेठ म्हणतात, कारण कोलशेतला माझं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. ते म्हणताना थोडं हसतातही, ते मला कळतं.

हा नियम मला पहिल्यापासून पटला नाही. ज्यांना महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळाला त्यांना घासाघीस हा कमीपणा वाटतो. माझे वडील कल्याणजवळ मोहने गावातल्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा घरात जे उरलं ते आईच्या भाव करण्यावर उरलं. ती भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घ्यायची नाही, ती भाजीचाच भाव पाडायची आणि कोथिंबिरीचे पैसे द्यायची, म्हणजे भाजीवाल्याला वाटायचं बाई मोठी सरळ आहे. मी तिच्याकडून शिकलो. वर्कशॉपची जागा, पहिलं मशीन, मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळं मी बोलून-बोलून खाली आणलेलं आहे. हॉस्पिटलच्या बिलातसुद्धा मी कमी करून घेतलेलं आहे, आणि तिथे पडलेला पेशंट मीच होतो.

ते स्पीकरही असेच घेतले. वर्कशॉपच्या मागे खाडीच्या बाजूला एक जुनं ख्रिस्ती घर होतं. आधी शेती होती, मग जमीन गेली. मुलगा परदेशी चाललेला, घर आवरत होते. कमरेएवढे उंच, खऱ्या लाकडाचे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे विलायती स्पीकर. मी ऐकले आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. हे अवघड असतं. गाण्यात खालचा सूर लागला की छातीत काहीतरी हलतं, आणि तेव्हा तोंड वाकडं करून “लाकूड सुटलंय हो” म्हणावं लागतं. घरच्या आजींनी केक दिला. तो खाल्ला आणि आणखी दोन हजार कमी केले. बत्तीस हजारांत जोडी उचलली.

सात-आठ वर्षं त्या स्पीकरनी मला जे दिलं ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहिता येत नाही. दिवसभर ग्राइंडरचा आवाज ऐकून घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसायचो आणि अर्धा तास कोणावर ओरडायचो नाही. बायको म्हणायची, घरात तेवढाच वेळ शांतता असते, आणि तीही आवाज मोठा असताना.

मग आम्ही माजिवड्याला नव्या फ्लॅटमध्ये आलो. हॉल मोठा, खालच्या मजल्यावर पार्किंग, वर सगळीकडे पीओपीचं खोटं छत. इथे अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीला लागला, म्हणून जुनी वायर पुरेना. कल्याणच्या एका दुकानात लांब वायर घेतली. मीटरमागे भाव इतका खाली आणला की दुकानदार म्हणाला, “शेठ, या भावात ही नाही, ती न्या.” ती म्हणजे दोन्ही तारा काळ्या, कुठल्याच तारेवर रेघ नाही, रंग नाही. म्हटलं, तांबं तेवढंच, रेघेचे पैसे कशाला द्यायचे?

मीच जोडली. पहिल्याच दिवशी आवाज पोकळ. गाणारा मधे उभा असावा तर तो खोलीभर फिरत होता, आणि तबल्याचा डावा म्हणजे पातेल्यावर चापट. मला वाटलं नवीन घर आहे, भिंती उघड्या आहेत. जाड पडदे लावले. ते उल्हासनगरहून आणले, अर्ध्या भावात. गालिचा घातला. स्पीकरखाली दगडाच्या लाद्या ठेवल्या. एका माणसाने सांगितलं म्हणून कोपऱ्यात फोमचे चौकोन चिकटवले. बायको म्हणाली, “अहो, हॉल आहे का गोडाऊन?” शेवटी मी ठरवलं की दोष खोलीचा आहे. खोटं छत, बिल्डर, पातळ भिंती. बिल्डरला फोन करून ओरडलोसुद्धा. तो म्हणाला, करारात आवाजाबद्दल काही नाही.

बायकोला त्या जागी कुंड्या हव्या होत्या. मी म्हटलं, विकतो. आणि नियमाप्रमाणे आधी साहेबांना विचारलं. त्यांचे स्पीकर लहान होते, त्यांना माझ्याकडचे किती वर्षांपासून आवडायचे ते मला माहीत होतं. हे माहीत असणं म्हणजे निम्मा सौदा.

ते आले. खुर्चीत मधोमध बसले. एक ठुमरी लावली, डोळे मिटले. मग उठून डावीकडे गेले, उजवीकडे गेले, चष्मा लावून स्पीकरच्या मागे वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मला वाटलं कंपनीचं लेबल वाचतायत.

“या खोलीत यांना खालचा सूर नाही राहिला, शेठ,” ते म्हणाले.

“वय झालं असेल. म्हणूनच विकतोय ना! दोष मी लपवत नाहीये.”

“किती म्हणता?”

“साठ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “साठच? म्हणजे ठरलेला भाव? की बोलणी करायची आहेत?”

“अहो साहेब, बोलणी नसती तर साठ कशाला सांगितले असते?”

“बरं,” ते म्हणाले. “मग बोलू या.”

पुढे एक तास आम्ही बोललो. मी आयुष्यात इतक्या सभ्य माणसाशी इतका कडक सौदा केला नव्हता. ते तीसवरून हलेनात. मी आवाज चढवला, बायकोने आतून दोनदा चहा पाठवला. अडतीसला सौदा ठरला. ते टेम्पोत स्पीकर घेऊन गेले आणि मी बायकोला म्हटलं, “बत्तीसला घेतले, एवढी वर्षं वापरले, बिघडलेले अडतीसला विकले. याला म्हणतात धंदा.” तिने कुंड्या आणल्या.

पुढच्या महिन्यातला रविवार साहेबांकडे होता. डोंबिवलीच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये, जिन्याने तिसरा मजला. दारातच ऐकू आलं. तोच खालचा सूर, खाडीकाठच्या त्या घरात लागलेला. हॉल माझ्या निम्म्याने. भिंती माझ्यापेक्षा पातळ. पडदे सुती. गाणारी बाई बरोबर दोन स्पीकरच्या मधे उभी, हात लांब केला तर साडीचा पदर लागेल अशी.

मी बसलो. गाणं संपलं. मी म्हटलं, “काय दुरुस्त केलंत?”

साहेब पोह्यांवर खोबरं घालत होते. ते काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, “काही नाही हो, तुमच्याकडे एका स्पीकरची वायर उलटी होती ना! प्लसचं मायनस. साहेबांनी मला त्याच दिवशी फोन करून सांगितलं.”

या छंदात ही चूक पहिल्या महिन्यात करतात. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. दोन मिनिटांचं काम, तार फिरवायची. मी त्यासाठी पडदे घेतले होते.

मग मी जे बोललो ते सगळं आठवत नाही. “म्हातारपणी चोऱ्या करता का?” असं म्हटल्याचं आठवतं. डॉक्टर ताटली घेऊन गॅलरीत गेले.

साहेब शांत. “शेठ, मी खोटं बोललो का? या खोलीत खालचा सूर नाही, म्हटलं. खरं होतं.”

“पण तार उलटी आहे हे सांगायचं नाही? नियम तुमचाच ना?”

“नियमात दोन्ही बाजू आहेत. घासाघीस नाही, म्हणून लपवाछपवी नाही. मी तुम्हाला स्पष्ट विचारलं, ठरलेला भाव की बोलणी. तुम्ही बोलणी म्हणालात. बोलणीत घेणारा विकणाऱ्याला त्याच्या मालाची किंमत समजावून सांगत नाही. तुम्ही त्या कोलशेतच्या आजींना सांगितली होतीत का?”

केकची गोष्ट मीच एका रविवारी मोठ्या अभिमानाने सांगितली होती. याला उत्तर होतं. त्या आजी माझ्या मित्र नव्हत्या, त्यांच्याकडे पोहे खाऊन मी पंधरा वर्षं रविवार घालवले नव्हते. पण ते उत्तर मला डोंबिवली स्टेशनला आल्यावर सुचलं.

दोन महिने मी गेलो नाही. फोनवरचा ग्रुप बंद करून ठेवला. घरी आलो की कुंड्यांसमोर बसायचो. एका संध्याकाळी पाच मिनिटांत बायकोवर, वॉचमनवर आणि केबलवाल्यावर ओरडून झालं तेव्हा ती म्हणाली, “जा आणि ते परत आणा. कुंड्या बाल्कनीत ठेवते मी. काय मागतील ते द्या, पण आणा.”

ते खरंच हवे होते मला. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तिला ते न सांगता कळलं. साहेबांना फोन केला. मनाशी पंचावन्नपर्यंत जायची तयारी ठेवली होती.

ते म्हणाले, “न्या की. अडतीसलाच न्या. मला तुमच्यावर कमवायचं नाही. मी तीन महिने ऐकले, पुरे झालं.”

फोन ठेवला आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाजारात आज सत्तर मिळतील अशी जोडी माणूस अडतीसला परत का देतो? रात्रभर मी तेच घोळवलं. काहीतरी जळालं असणार. वरचा छोटा स्पीकर गेला असणार. लाकडाला वाळवी.

टेम्पो ठरवून गेलो. तो खाली उभा केला. साहेबांनी गाणं लावूनच ठेवलं होतं. मी ऐकलं, कान लावून, एकेक करून. काही जळालं नव्हतं. मोबाइलची बॅटरी लावून मागे पाहिलं. तारा बरोबर होत्या, एकीला लाल कागद चिकटवलेला. खाली पाहिलं. उजव्या स्पीकरच्या पायाशी, बोटाएवढा, एक ओरखडा.

“हा नव्हता,” मी म्हटलं.

“आणताना जिन्यात लागला. सांगणारच होतो.”

“लाकूड आहे साहेब. पॉलिश करावं लागेल. पस्तीस करा.”

शब्द तोंडातून कसे गेले ते मला आजही कळत नाही. खिशात पंचावन्न होते. द्यायची तयारी होती. पण सवय असते ती पैशासाठी नसतेच.

साहेबांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. “शेठ, ठरलेला भाव की बोलणी?”

इथे कोणीही शहाणा माणूस अडतीस मोजून गेला असता. माझा पारा चढला. मला परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं, आणि तेही मी पैसे देणार असताना. “बोलणी तर बोलणी!” मी म्हटलं.

“मग सत्तर.”

“चाळीस.”

“अडुसष्ट.”

“बेचाळीस. आणि ओरखडा माझ्यावर.”

“सदुसष्ट.”

त्यांना मजा येत होती. निवृत्तीनंतर बहुतेक पहिल्यांदाच. मी पंचेचाळीस म्हटलं, ते सहासष्ट म्हणाले आणि पाणी प्यायले. मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं, जे कधी फुकट गेलेलं नाही. उठलो. “राहू दे, नको,” म्हटलं आणि दाराबाहेर पडलो. पायऱ्या सावकाश उतरायच्या असतात. पहिल्या वळणाच्या आत हाक येते. कापडाच्या दुकानात येते, जमिनीच्या व्यवहारात येते.

पहिलं वळण आलं. दुसरं आलं. दुसऱ्या मजल्यावर मी चपलेचा पट्टा नीट केला, जो नीटच होता.

खाली उतरल्यावर वर पाहिलं. साहेब गॅलरीत आले होते. मी थांबलो.

“शेठ,” ते ओरडले, “टेम्पो गेटसमोर लागलाय. सेक्रेटरी बोंबलतील, जरा पुढे घ्या!”

आणि आत गेले. थोड्या वेळाने वर गाणं पुन्हा सुरू झालं.

टेम्पोवाल्याने विचारलं, “माल?”

“माल नाही.”

“मग भाडं पूर्ण लागेल, शेठ. येणं-जाणं ठरलेलं.”

“रिकामी गाडी जाणार, डिझेल कमी लागणार, हमाली नाही. पूर्ण कसलं?” मी त्याच्याशी तिथेच, गेटच्या जरा पुढे, चांगला पाव तास भांडलो. रिक्षावाले थांबून ऐकायला लागले. शेवटी तो कंटाळला आणि दोनशे सोडले.

घरी येताना पुढच्या सीटवर मी ते दोनशे वेगळे खिशात ठेवले. बायकोने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं, जिन्यात पाहिलं, आणि काही न विचारता बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून आत आणायला लागली.