दादाच्या वडापचा वूफर

दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडं वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या खाजगी जीपला ब्रेक नसला तरी चालायचं, वूफर मात्र लागायचा. स्टँडाबाहेर कोडोलीला जाणाऱ्या जीपा रांगेनं उभ्या असत, आणि जिचा दणका छातीत बसेल तिच्यात कॉलेजची पोरं आधी चढत. गाडी भरायची ती अशी. तो दणका बसवून देणं हा माझा धंदा. माझं सगळ्यात वैतागवाणं गिऱ्हाईक म्हणजे माझा थोरला भाऊ.

दादा आधी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. ओतीव कामावरचं जादा लोखंड छिन्नी-हातोड्यानं, ग्राइंडरनं काढायचं काम. ते सोडून त्यानं जीप घेतली आणि तिच्यावरच त्याचं घर चालायला लागलं. दर आठवड्याला तो जीप दुकानाच्या दारात आडवी लावायचा.

"मर्दा, आवाज कमी हाय की."

मग मी करायचो. मागच्या बाकाखालच्या प्लायच्या खोक्यातल्या फटी लांबी भरून बुजवल्या, कारण फटीतून हवा निसटली की दणका बसतच नाही. बॅटरीपासून जाड वायर ओढली. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून नट उघड्या पत्र्यावर आवळला. एकदा तर दोन वूफरपैकी एकाची प्लस-मायनस उलटी सापडली. एक बाहेर ढकलतोय, दुसरा आत ओढतोय, अगदी भाऊबंदकी. दोघं मिळून काम शून्य. ते सरळ केलं तसा जीपचा आरसा थरथरायला लागला आणि शेजारचा चहावाला कपबशा धरून उभा राहिला. दादानं खोक्यावर तळहात टेकवला.

"आता जरा आला."

जरा! पुढं पुढं त्याचा हॉर्न ऐकला की मी हातातलं काम मुद्दाम लांबवायचो. माणसाला समाधान म्हणून नाही, असं मी बायकोला सांगत सुटायचो.

शेवटी एका दुपारी, चालत्या गाडीत आवाज कसा लागतो ते बघायला, मीच त्याच्या शेजारी बसून कोडोलीला निघालो. वडापात बेल नसते. उतरायचं असलं की मागचा माणूस पत्र्यावर थाप मारतो. वाटेत एका म्हातारीनं आपला फाटा आला तशी थाप मारली. दादा थांबला नाही. तिनं पुन्हा मारली.

"ते गाणं बंद कर की रं मुडद्या!"

मी हात घालून टेप बंद केला. म्हातारी आता दोन्ही हातांनी पत्रा बडवत होती, सगळी जीप ओरडत होती, आणि दादा माझ्याकडं बघून विचारत होता, "बंद का केलंस?"

मी त्याचा दंड धरला तेव्हा गाडी थांबली. म्हातारी शिव्या देत उतरली. कोडोलीत सगळी उतरल्यावर मी त्याच्यासमोर तोंड नेऊन विचारलं, "थाप ऐकू आली न्हाय तुला?"

तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "फाउंड्रीतच गेलं ते. बारीक आवाज येतच न्हाईत." मग अंगठ्यानं मागचं खोकं दाखवलं. "ह्येवढंच येतंय. ते बी आता हात लावल्यावर. कुणाला सांगू नगंस, गाडी बंद हुईल."

ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्याची रीतच आहे. मला आधी रागच आला. परत येताना मी मागच्या बाकावर बसलो, आणि कुणी थाप मारली की पुढं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवत राहिलो. पण दुकान टाकून रोज कसा बसणार होतो?

कुणाला गाडीखाली घेण्यापेक्षा बरं, म्हणत त्यानं उन्हाळ्यात जीप विकली. खोकं तेवढं काढून घेतलं. मी म्हटलं, घरात बॅटरी आणि टेप जोडून देतो. तर नको म्हणाला. एव्हाना त्यातलंही काही कानाला येईनासं झालं होतं.

आता ते त्याच्या खाटेपुढं असतं, वायरी काढलेलं, आणि तो त्यावर पाय ठेवून बसतो. त्याच्याकडं गेल्यावर हाक मारण्यात अर्थ नसतो. मी वाकतो आणि खोक्यावर जोरात थाप मारतो. ती त्याला पायातून कळते.

दादा मान वळवतो. "कुठं उतरायचं, पावणं?"